शॉक बदलतानाच जुनी होंडा सिटी खाली करून घेऊ का?

तुमची २००६ ची सिटी झेडएक्स आहे, पुढच्या शॉकमधून (शॉक अॅब्सॉर्बर, स्प्रिंगचे हेलकावे थांबवणारा भाग) तेल गळतंय आणि काम काढलंच आहे तर गाडीची जमिनीपासूनची उंची थोडी कमी करून घ्यायची आहे, असं तुम्ही विचारलंय.

शॉक नक्की बदला, आणि एकच नाही, पुढची जोडी एकदम. सोबत स्ट्रट माउंट (शॉकचं वरचं टोक बॉडीला जोडणारा भाग), बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर) आणि धूळ अडवणारं रबरी बूट नवीनच टाका. जुनं माउंट ठेवलंत तर नवा शॉक बसवूनही स्टिअरिंग वळवताना कटकट आवाज येत राहील.

खाली करण्याबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: स्प्रिंग कापू देऊ नका. गॅरेजवाला ग्राइंडरने एक वेटोळं उडवून देतो, पण कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीवर नीट बसत नाही, स्प्रिंग कडक होते आणि शॉक सतत बंप स्टॉपवर आपटून लवकर मरतो. हौस असेलच तर या मॉडेलसाठी बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या तयार स्प्रिंग) घ्या, फार तर २५-३० मिमी खाली जाणाऱ्या, आणि त्यांना जुळणारे शॉक. आपल्याकडचे गतिरोधक नियमाप्रमाणे १० सेंमी उंच असायला हवेत, प्रत्यक्षात कितीतरी त्याहून उंच असतात. चार माणसं बसली की पोट घासणारच. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरटीओत आधी विचारा.

बसवताना खालच्या आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्ट सैल करून, चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायला सांगा, नाहीतर रबर पिळलेलं राहून फाटतं. मग लगेच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या.