फॉरमॅट मारलेल्या डिस्कमधलं शूटिंग परत मिळेल का?

प्रश्न : भाच्याने टीव्हीला लावायला म्हणून माझी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपवर फॉरमॅट केली, त्यात जत्रेतल्या दशावताराचं सगळं शूटिंग होतं, आता रिकामी दाखवतेय. काही होईल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : बऱ्याचदा होतं, पण आधी डिस्क काढून ठेवा नि भाच्याला लांब ठेवा. क्विक फॉरमॅटमध्ये फाइली पुसल्या जात नाहीत, कुठली फाइल कुठे आहे ती यादी तेवढी कोरी होते, म्हणजे सातबारा हरवला तरी जमीन जागेवरच, पण वर नवीन काही कॉपी केलंत की तेवढा भाग गेलाच. (विंडोजमध्ये क्विकची टिक काढून फॉरमॅट मारलं असेल तर मात्र आशा सोडा, विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात.)

फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, नाव फोटोचं असलं तरी व्हिडिओही शोधतं, काळी खिडकी बघून घाबरू नका. सापडलेलं दुसऱ्याच डिस्कवर सेव्ह करा. फाइलींची नावं मात्र जातात, त्यामुळे संकासुर कुठल्या जत्रेतला ते एकेक उघडून बघत बसावं लागेल. स्कॅनला कित्येक तास लागतात नि आपल्याकडे पावसात लाइटचा काय भरवसा, इन्व्हर्टर असेल तिथेच करा. डिस्क टकटक वाजत असेल तर यातलं काहीच करू नका, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.