‘प्रिगोरोद्नी रायोन’ म्हणजे उपनगर जिल्हा?

प्रश्न असा आला आहे: रशियाच्या नकाशावर ‘प्रिगोरोद्नी रायोन’ असे नाव दिसते. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या धर्तीवर त्याला मराठीत ‘उपनगर जिल्हा’ म्हणावे का?

मोह पडावा इतका हा शब्द जुळतो. रशियनमध्ये ‘प्रि’ म्हणजे जवळ, ‘गोरद’ म्हणजे शहर. आपल्या ‘उपनगरा’तला ‘उप’ही मुळात जवळ असाच. शिवाय ‘गोरद’ आणि संस्कृत ‘गृह’ यांचे मूळ एकच, असे भाषाशास्त्रज्ञ साधारणपणे मानतात. म्हणजे आपल्या ‘घरा’चे हे दूरचे भावंड!

तरीही माझे उत्तर ‘नको’ असेच आहे. ‘उपनगर’ म्हटले की आज आपल्याला अंधेरी-बोरिवली दिसते, म्हणजे शहराचाच भाग झालेली वस्ती. रशियाच्या दक्षिण टोकाला उत्तर ओसेतिया नावाचे प्रजासत्ताक आहे. तिथला प्रिगोरोद्नी रायोन पाहा. व्लादिकावकाझ शहराला लागून तो आहे, पण शहर त्यात मोडत नाही. त्याचे मुख्य ठाणे ओक्त्याब्रस्कोये नावाचे गाव. त्याच्या हद्दीत कॉकेशसचे डोंगर आहेत, दर्गाव्सची दगडी थडग्यांची ‘मृतांची नगरी’ आहे आणि कार्मादोनची दरीही आहे. २० सप्टेंबर २००२ रोजी कोल्का हिमनदी कोसळून याच दरीत शंभराहून अधिक माणसे गेली. याला उपनगर कसे म्हणायचे?

युराल भागातही याच नावाचा एक रायोन आहे. त्याचे केंद्र निझ्नी तागील शहरात, पण ते शहर रायोनच्या बाहेर. ही रचना आपल्याला ओळखीची वाटायला हवी. नागपूर ग्रामीण तालुक्याचे कार्यालय नागपुरातच असते आणि पुणे ग्रामीण पोलिसांचे मुख्यालय पाषाणला. शहर वगळून भोवतालचा मुलूख, याला आपल्या कारभारात रुळलेला शब्द ‘ग्रामीण’ आहे. अर्थ समजावताना तोच वापरावा, किंवा सरळ ‘शहरालगतचा’ म्हणावे.

‘रायोन’ मुळात फ्रेंच, अर्थ किरण किंवा त्रिज्या. त्याला ‘जिल्हा’ चालेल, कारण प्रजासत्ताक किंवा ओब्लास्त (प्रांत) यांच्या खालोखाल तोच येतो. आकाराने मात्र तालुक्याएवढा समजावा.

बातमीत किंवा इतिहासात मात्र नाव मुळीच भाषांतरित करू नये. ओसेतियातला म्हणून वर सांगितलेला रायोन आधी शेजारच्या इंगुश लोकांचा मुलूख होता. १९४४ साली सोव्हिएत सरकारने त्यांना हद्दपार केल्यावर तो उत्तर ओसेतियाकडे गेला. १९५७ नंतर इंगुश परतले, पण मुलूख परत मिळाला नाही आणि १९९२ च्या शरद ऋतूत तिथे रक्त सांडले. त्या लोकांसाठी ‘प्रिगोरोद्नी’ हे गमावलेल्या घराचे नाव आहे. ‘उपनगर जिल्हा’ लिहिले की ते नाव आपण पुसून टाकतो. ‘प्रिगोरोद्नी जिल्हा’ असेच लिहावे.

‘उपनगरी’ चपखल बसते ते एकाच ठिकाणी: रशियन स्थानकावर ‘प्रिगोरोद्नी’ गाड्यांची वेगळी तिकीट खिडकी असते. ती आपल्या लोकलची खिडकी.