आजीच्या शिवणाच्या डब्यात निघालेल्या ह्या चार वस्तू कशाच्या आहेत? भाऊ म्हणतो भंगारात दे

भंगारात अजिबात देऊ नका. तुम्ही लिहिलंय दांडीला लावलेलं दातेरी चाक, होडीसारखी पोकळ लोखंडी वस्तू, १, ६, १२ आकडे असलेलं पात्यांचं यंत्र आणि दोन्ही बाजूंनी उघडी पितळी अंगठी.

चाक म्हणजे ट्रेसिंग व्हील, कार्बन ठेवून मापाच्या खुणा कापडावर उतरवायला. करंज्यांचं कातण नाही, त्याची धार नागमोडी असते, ह्याचे दाते टोकदार. होडी म्हणजे जुन्या लांब बॉबिनच्या सिंगरचं शटल, खालच्या दोऱ्याची बॉबिन त्यात बसते, गोल बॉबिनवाल्या उषाला ते चालत नाही पण जुनं मशीन ज्याच्याकडे आहे त्याचं ह्याच्यावाचून अडतं.

आकडेवालं मात्र मी हातात धरलेलं आहे. बडोद्याला दांडिया बाजारातलं आमचं घर विकायला काढलं तेव्हा आत्याचा पत्र्याचा डबा निघाला, काका म्हणाले टाइपरायटरचा पार्ट असेल, मशीन तर कधीच गेलं, किलोवर देऊन टाका. मी आकडे बघूनच ओळखलं, हा रफलर, झालरी करायचा. १ वर ठेवला की प्रत्येक टाक्याला चुणी, ६ वर दर सहा टाक्यांनी, १२ वर दर बारा. त्याचा दुहेरी टोकाचा हात सुईच्या स्क्रूवर अडकवायचा, सुई वरखाली झाली की आतलं दातेरी पातं कापड ढकलतं. माझ्या काळ्या उषावर लावून सगळ्यांसमोर परकराची झालर काढून दाखवली. तर काका काय म्हणाले, "अक्काला शिवणाची हौस होतीच."

कसली हौस! आत्या महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिकलेली, १९१४ पासून बायकांना हाताला काम देणारी संस्था ती, रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंतच्या बायका ब्लाउज आणि पोरींचे फ्रॉक घेऊन तिच्याकडे यायच्या आणि काकांच्या कॉलेजची फी त्याच पैशातून भरली गेली, हे आमच्याकडे कोणी तोंडाने बोलत नाही.

म्हणून तुमची पितळी अंगठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते अंगुस्तान आहे, सुई ढकलताना बोटाला टोचू नये म्हणून घालायचं, आणि तेही शिंप्याचं. घरगुती अंगुस्तान टोपीसारखं वरून बंद असतं, शिंपी सुई बोटाच्या बाजूने ढकलतो म्हणून त्याचं उघडं. तुमच्या आजी बहुतेक हे काम कोणाकडून तरी रीतसर शिकल्या होत्या. बाहेरची शिवणं घ्यायच्या का, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, पुरुषांना विचारू नका, ते हौसच सांगतील. आणि भावालाही विचारा की त्याच्या वडिलांच्या शाळेचे पैसे कुठून आले.

हां, गंज असेल तर पॉलिश पेपर घासू नका, मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. रफलर सगळ्या नव्या मशीनवर बसत नाही, मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाची उंची जुळावी लागते, आणि लावल्यावर आधी हाताने चाक फिरवून बघा, सुई पात्यावर आदळली तर मोडते.