आबांना ‘आनंदी ठेवण्या’विषयी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आबांना ९२ वे लागले, ते हल्ली फारसे बोलत नाहीत, त्यांना आनंदी कसे ठेवायचे, असे तू विचारले आहेस. प्रश्न मायेचा आहे. तरीही त्यातल्या ‘ठेवायचे’ या शब्दापाशी मी अडखळले. लोणचे बरणीत ठेवतात, दागिने कपाटात ठेवतात. नागपूरच्या पाचपावलीतल्या त्या घराचा सारा व्यवहार ज्या माणसाने साठ वर्षे पाहिला, त्याला कोणीतरी आनंदी ‘ठेवावे’, ही कल्पना त्यालाच मानवणारी नाही. मी ३४ वर्षे परिचारिका म्हणून खाटेच्या कडेला उभी राहिले आणि आता ८३ व्या वर्षी हळूहळू खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी माझीच चूक सांगते. माझ्या सासूबाई ८९ वर्षांच्या असताना महालातल्या आमच्या घरी उन्हाळ्याचे वाळवण त्यांच्या देखरेखीखाली होत असे. सांडग्याचे पीठ किती सैल हवे, कुरडया कोणत्या गच्चीवर घालायच्या, गहू केव्हा निवडायचा, हे सारे त्या ठरवीत. एका वर्षी जिन्यात त्यांचा तोल गेला. लागले फारसे नाही, पण आम्ही सर्वांनी एकमताने ठरवले, “आई, आता तुम्ही फक्त आराम करा.” गच्चीचा जिना बंद झाला, मग विळी गेली, मग कपाटाच्या किल्ल्या ‘हरवू नयेत म्हणून’ माझ्याकडे आल्या. दोन महिन्यांत त्या अर्ध्या भाकरीवर आल्या. मी रुग्णालयात दिवसभर इतरांच्या आजीआजोबांची विचारपूस करून घरी येत असे आणि घरात काय घडते आहे हे मला दिसत नव्हते. त्यांचे वय झाले, एवढेच मी म्हणत होते. पुढे एकदा धाकट्या जावेने निवडायची मेथी सहज त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती निवडलीच, शिवाय भाजी कशी आणू नये यावर तिला चार शब्द सुनावले. किल्ल्या मी त्याच संध्याकाळी परत दिल्या. त्या पूर्वीसारख्या झाल्या असे मी म्हणणार नाही, पण जेवू लागल्या, भांडू लागल्या.

या अनुभवाला पुष्टी देणारा एक प्रयोग मला पुढे वाचायला मिळाला. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले की खोलीची मांडणी आणि दिवसाचा क्रम तुम्हीच ठरवा, आणि सांभाळायला एक रोपही दिले. दुसऱ्या मजल्यावर रोप दिले, पण पाणी कर्मचारी घालतील, तुमची काळजी आम्ही घेऊ, असे सांगितले. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि समाधानी आढळली. त्यातली माणसे थोडी होती, त्यामुळे त्यावर फार मोठा सिद्धान्त उभारू नये; पण रोप दोघांकडेही होते आणि फरक ठरवायचे कोणी आणि पाणी घालायचे कोणी एवढ्याचाच होता, हे मला विसरता येत नाही.

म्हणून आबांच्या हातून काय काय काढून घेतले गेले आहे, याचा एकदा शांतपणे हिशेब कर. दुधाचा हिशेब, वर्तमानपत्र आधी उघडण्याचा मान, पेन्शनच्या कागदांची पिशवी, आज वरणाला फोडणी कशाची द्यायची हा निर्णय. यातले जे परत देता येईल ते दे, आणि दिल्यावर मागून दुरुस्त करू नकोस. त्यांनी सकाळी चार कपड्यांच्या घड्या घातल्या आणि तू त्या पुन्हा घातल्यास, तर ते दिलेले काम नव्हे, ती करमणूक झाली, आणि म्हाताऱ्या माणसाला ते लगेच कळते.

सगळे परत देता येत नाही, हेही खरे. पॉल बाल्टेस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अतिवृद्धावस्थेचा अभ्यास करताना पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण दिले आहे. ऐंशीच्या घरातही ते उत्तम कसे वाजवतात, तर रचना कमी निवडतात, त्यांचाच अधिक सराव करतात आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम थोडे संथ वाजवतात, म्हणजे पुढचा वेग ऐकणाऱ्याला जास्त वाटतो. आबांनाही दहा गोष्टींतल्या दोन निवडू दे. मात्र कोणत्या दोन, हे तू ठरवू नकोस.

ते बोलत नाहीत असे तू लिहिलेस, त्याआधी त्यांना ऐकू येते का, हे पाहा. वृद्धपणी उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात, त्यामुळे तू ओरडून बोललीस तर तुझा आवाज अधिक चिरका होतो आणि शब्द आणखी पुसट होतात. समोर बस, तुझ्या तोंडावर उजेड येऊ दे, खालच्या पट्टीत सावकाश बोल. आणि नागपूरकर असून कोणाच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे कूलर! एप्रिल ते जून आपल्या घरांत जो घरघराट चाललेला असतो, त्यात ज्याला कमी ऐकू येते तो माणूस जेवणाच्या पंगतीतही एकटाच असतो. हसतो, मान हलवतो, आणि काही दिवसांनी हसायचेही सोडून देतो. बोलताना तेवढा वेळ कूलर बंद कर. श्रवणयंत्र घेतले तर त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत ते डबीत गेले तर त्यांना दोष देऊ नकोस.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर एक इशारा देऊन ठेवते. या वयात तहान कमी लागते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की पाणी कमी पडून माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, किंवा नुसताच गप्प, झोपाळू होतो, आणि घरचे म्हणतात की उदास झालेत. उदासी आठवड्यांनी वाढते, विस्मरणाचा आजार महिन्यांनी आणि वर्षांनी. पण काल ठीक असलेला माणूस आज वेगळा वाटला, तर ते मनाचे दुखणे समजू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लघवीतला जंतुसंसर्ग, नवी गोळी, रक्तातले कमी झालेले सोडियम, असे काहीही निघू शकते. हळूहळू आलेल्या मरगळीतही थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावे. झोपेच्या गोळ्या मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कधीही देऊ नयेत. त्या गोळ्यांमुळे पडून मोडलेली हाडे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता सर्वांत अवघड भाग. “देव मला नेत का नाही,” असे आबा म्हणतात आणि तू घाईने “असे बोलू नका” म्हणतेस. तसे म्हणू नकोस; त्याने त्यांचे म्हणणे बंद होते, वाटणे बंद होत नाही. ज्याचे सोबती एकेक करून गेले, ज्याला ‘अरे’ म्हणणारे आता कोणी उरले नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य कधी नुसती तयारी असते, कधी थकवा असतो आणि कधी खरी निराशा. कोणते आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. “आबा, आज असे का वाटले?” एवढे विचार आणि गप्प बस. दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवण, झोप आणि आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील, आपले ओझे झाले आहे असे ते वारंवार म्हणत असतील, तर ते म्हातारपण नव्हे, तो आजार आहे आणि नव्वदीतही त्यावर उपचार होतो. जीव देण्याचे बोलले तर त्यांना एकटे सोडू नकोस आणि त्याच दिवशी मदत घे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेव, तुझ्यासाठीसुद्धा. सांभाळणाऱ्याला थकण्याची परवानगी असते.

आबांनी एम्प्रेस मिलच्या विणकाम खात्यात उमेदीची वर्षे काढली, असे तू मागे सांगितले होतेस. १८७७ साली सुरू झालेल्या त्या गिरणीच्या जागी आज मॉल उभा आहे, आणि तू तिथे मैत्रिणींबरोबर जात असशील. त्यांना ‘जुन्या आठवणी सांगा’ असे मोघम सांगू नकोस. त्याने माणूस पाठ केलेले तेच चार प्रसंग सांगतो. भोंगा झाल्यावर घरून निघायला किती वेळ लागत असे, डब्यात काय असे, पहिल्या पगारातून काय आणले, असे नेमके विचार. काही आठवणी कडू निघतील. संप, उधारी, गेलेले मूल. रॉबर्ट बटलर या वृद्धतज्ज्ञाने १९६३ सालीच लिहिले होते की आयुष्याकडे असे मागे वळून पाहणे ही म्हातारचळ नव्हे, ते शेवटच्या टप्प्यातले मनाचे कामच आहे. तू मध्ये सांत्वन करू नकोस, ऐक. आणि तुटलेला धागा जोडण्याची विणकरांची गाठ त्यांना येत असणारच. ती तुला शिकवायला सांग. त्यांचे हात थरथरतील, वेळ लागेल. तुलाही ती पहिल्या दिवशी जमणार नाही.

रविवारी चारनंतर मी घरीच असते. आबांना घेऊन ये, पण यायचे का, हे आधी त्यांना विचार, आणि माझ्या घराला अकरा पायऱ्या आहेत हेही सांग. त्यांना नको वाटले, तर मला कळव. मी ऑटो करून तिकडे येईन.

तुझी,
सिस्टर आजी