आमचा ९ महिन्यांचा लॅब्राडोर घरात मोजे पळवून धिंगाणा घालतो आणि बाहेर साध्या कचऱ्याच्या डब्यालाही घाबरतो. लहान होता तेव्हा सगळं ऐकायचा, आता मुद्दाम करतो. ओरडून उपयोग होत नाही. काय करावं?

माझ्याकडे आजवर लॅबच होते आणि प्रत्येकाने या वयात घर डोक्यावर घेतलं, त्यामुळे आधी हे सांगतो की तुमचा कुत्रा बिघडलेला नाही. ‘लहान होता तेव्हा सगळं ऐकायचा, आता मुद्दाम करतो’ असं तुम्ही लिहिलंय. त्यात मुद्दाम काही नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरातल्या पिल्लांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. ५ महिन्यांची असताना ‘बस’ म्हटल्यावर बसणारी पिल्लं ८ महिन्यांची झाली की आपल्याच माणसाचं ऐकेनाशी झाली, परक्याचं मात्र ऐकत होती. वर्षाची होईतो बरीचशी ताळ्यावरही आली.

भीतीचं वयही साधारण हेच. काल ज्या डब्याजवळून मजेत गेला, त्याच्यासमोर आज चारी पाय रोवून उभा राहतो. अशा वेळी पट्टा ओढत ‘बघ, काही नाहीये’ म्हणून त्याला जवळ नेऊ नका. भीती मोडत नाही, पक्की होते. वर तुमच्यावरचा विश्वासही जातो.

त्याऐवजी अंतर वाढवा. डबा त्याला दिसतोय, पण तुमच्या हातातला खाऊ तो अजून खातोय, अशा जागी थांबा. डब्याकडे पाहिलं की एक तुकडा, पुन्हा पाहिलं की पुन्हा एक. क्रम महत्त्वाचा आहे, आधी डबा दिसला पाहिजे, मग खाऊ. आधी खाऊ दाखवून फसवत नेलंत तर काही दिवसांनी तो खाऊलाच बिचकेल. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे पाव हिस्सा लॅब्राडोरमध्ये खाण्याचा सोस वाढवणारा एक जनुकीय बदल सापडला होता. अशा खादाड जातीचा कुत्रा तोंडासमोरचा तुकडा नाकारतो, तेव्हा तो किती घाबरलाय ते ओळखा आणि मागे फिरा. त्याच्याही आधी खुणा दिसतात. झोप आलेली नसताना जांभई, सारखी ओठांवरून फिरणारी जीभ, डोळ्यांच्या कडेला दिसणारा पांढरा भाग. गुरगुरला तर रागावू नका. ती सूचना आहे, ती दाबली तर पुढे सूचना न देता चावेल.

घाबरल्यावर जवळ घेतलं तर लाडावतो, असं बरेच जण सांगतील. खुशाल जवळ घ्या. धीर दिल्याने भीती वाढत नाही.

आता मोजे. नीट पाहा, मोजा तोंडात आला की तो पळून लपत नाही. तुमच्यापासून दोन हात लांब थांबतो, पुढचे पाय जमिनीला टेकवतो, ढुंगण वर, शेपूट जोरात, नजर तुमच्या पायांवर. तुम्ही एक पाऊल टाकलंत की खेळ सुरू! मागे धावणं हेच त्याचं बक्षीस आहे. त्यापेक्षा शांतपणे खाऊ दाखवून अदलाबदल करा आणि शक्य असेल तेव्हा वस्तू त्याला परतही द्या. जबडा उघडून हिसकावत राहिलात तर पुढच्या वेळी तो मोजा गिळेल, आणि आतड्यात अडकलेला मोजा काढायला ऑपरेशन लागू शकतं. मोजे उचलून ठेवायची सवय घरातल्या माणसांना लावणं जास्त अवघड आहे, हे मान्य.

धिंगाणा कधी होतो याची आठवडाभर नोंद ठेवा. बहुतेक घरांत तो संध्याकाळी होतो किंवा बाहेर कशाला तरी घाबरून आल्यावर. म्हणजे तुम्हाला मस्ती वाटते ती बऱ्याचदा थकवा आणि साठलेला ताण असतो. लोक उलट समजतात आणि त्याला आणखी पळवतात. या वयाच्या कुत्र्याला झोप भरपूर लागते, दुपारी घरातली वर्दळ नसेल अशा खोलीत तिची सोय करा. तासभर चेंडू फेकत बसू नका, त्याने तो आणखी पेटतो आणि वाढत्या सांध्यांवरही ताण येतो. त्याऐवजी रोजच्या जेवणातलं थोडं गवतात विखुरा किंवा जुन्या टॉवेलच्या घडीत लपवा. वीस मिनिटं नाकाने शोधाशोध केलेला लॅब शांत पडून राहतो. फिरायला नेल्यावर वासही मनसोक्त घेऊ द्या, पल्ला कमी झाला तरी चालेल.

काटेरी पट्टा किंवा शॉक देणारा पट्टा कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, घाबरट कुत्र्याला तर तो अजिबात नको.

आणि एकदा पशुवैद्याला दाखवून घ्याच. लॅबमध्ये कोपराचे आणि खुब्याचे दोष बरेच आढळतात आणि दुखणारा कुत्रा चिडका किंवा भित्रा वागतो. उठताना अडखळतो का, जिना टाळतो का, एकाच बाजूला बसतो का, हे पाहून जा. जमल्यास घरातल्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओही काढा, कारण दवाखान्याच्या टेबलावर तो भीतीने ताठ उभा राहील आणि लंगडणं दिसणारच नाही.