तळघरातलं पाणी: आधी खड्डा, मग मोटर

प्रश्न : तळघर १५ बाय २० फुटांचं, ९ फूट खोल. जमीन काळी. गेले दोन पावसाळे श्रावणात फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येतं आणि घोट्याला लागतं. शेतातली बोअरची पाणबुडी मोटर घरी पडून आहे. कोपऱ्यात खड्डा करून तीच सोडली तर चालेल का?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : नाही चालणार. बोअरच्या मोटरीच्या अंगावरून सतत पाणी वाहतं म्हणून ती थंड राहते. तीन फुटांच्या खड्ड्यात ती अर्धी उघडी पडेल, तापेल, आणि गाळ इंपेलरात, म्हणजे पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकात, बसला की वाइंडिंग (मोटरीतलं तारांचं वेटोळं) जाईल. मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र, पाण्याबाहेर बसणारा) वर ठेवून फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह, खाली सोडायचा विचार असेल, तर फुटबॉलमध्ये एक खडा अडकला तरी मोटर पाणी सोडते, म्हणजे पाइप रिकामा होऊन उपसा थांबतो. रात्री दोन वाजता उठून तिला पाणी पाजायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. तुम्हाला हवा तो गढूळ पाण्याचा छोटा पाणबुडी पंप. दुकानात ‘डीवॉटरिंग’ किंवा ‘मड पंप’ म्हणून मागा, फ्लोट स्विचसकट (पाण्याबरोबर वर-खाली होऊन मोटर आपोआप चालू-बंद करणारा तरंगता स्विच). एवढ्या तळघराला बहुधा अर्धा एचपी पुरतो, पण आकडा ठरवायचा तो खड्डा झाल्यावर.

खड्ड्याची जागा पाण्यालाच विचारा. फरशीवर दोन बादल्या ओता, पाणी जिथे जाऊन थांबेल तो कोपरा धरा. मात्र कॉलमच्या पायापासून खड्ड्याची कड निदान खड्ड्याच्या खोलीइतकी लांब हवी. २ फूट व्यासाच्या, फूटभर उंचीच्या तीन सिमेंटच्या रिंगा आणा. खोदाई ३ फूट रुंद आणि साडेतीन फूट खोल करा. खालच्या दोन रिंगांना १० मिमीची भोकं वीतभर अंतरावर पाडा. खोदलेल्या मातीला लागून जिओटेक्स्टाइल, म्हणजे नमद्यासारखं दिसणारं पांढरं कापड, लावा. तळाशी ६ इंच धुतलेली २० मिमी खडी, त्यावर रिंगा, आणि रिंगांच्या भोवतीही तीच खडी. कच किंवा मुरूम भरू नका, भोकं बुजतात.

हे कापड गवंडी हमखास गाळतात, आणि काळ्या मातीत तेच सगळ्यात महाग पडतं. तिचे कण इतके बारीक असतात की नुसत्या खडीतून पाण्याबरोबर निघून जातात. मोटर पाण्यासोबत फरशीखालची मातीही उपसत राहते, फरशी पोकळ होते आणि एक दिवस बसते. पंप सुरू झाल्यावर बाहेर पडणारं पाणी एका बादलीत धरून रात्रभर तसंच ठेवा. पहिले एक-दोन दिवस गढूळ आलं तर ठीक. आठवड्यानंतरही तळाशी बोटभर गाळ बसत असेल तर पंप बंद करून खडी-कापड नीट करा.

आता पंपाचा हिशेब. २ फूट व्यासाच्या खड्ड्यात पाणी १ इंच चढलं म्हणजे साधारण साडेसात लिटर आलं. भर पावसात खड्डा उपसून घड्याळ लावा. मिनिटाला ४ इंच चढत असेल तर झिरपा ३० लिटरचा झाला. त्याच्या दुप्पट, म्हणजे मिनिटाला ६० लिटर देणारा पंप घ्या. हे ६० लिटर तुमच्या उंचीला मिळाले पाहिजेत. खड्ड्याच्या तळापासून अंगणापर्यंत १२ फूट, वर बेंडांचा अडथळा, म्हणून १५ फूट धरा. खोक्यावर कमाल हेड (पाणी किती उंच चढेल ते) आणि कमाल लिटर छापलेले असतात, पण ते दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कोणत्या उंचीला किती लिटर हे सांगणारा आतला तक्ता मागून बघा.

पंप खडीवर टेकवू नका, खाली शहाबादीचा तुकडा ठेवा. फ्लोट तळापासून २० इंचांवर चालू आणि ८ इंचांवर बंद होईल असा बांधा. तो रिंगेला किंवा पाइपाला घासता कामा नये. अडकला तर एकतर मोटर कोरडी चालते, नाहीतर तळघर भरतं. पाइप दीड इंची. त्यावर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह, हवाच, नाहीतर मोटर थांबली की पाइपातलं चार-सव्वाचार लिटर पाणी दर वेळी खड्ड्यात परत येतं. पंप आणि एनआरव्ही यांच्यामध्ये पाइपाला ३ मिमीचं भोक पाडा, खड्ड्याच्या आत, तोंड खाली. पंपात अडकलेली हवा तिथून निघते. भोक नसेल तर मोटर नुसती गुणगुणते, पाणी चढत नाही. त्यातून बारीक धार उडते ती उडायचीच. गळती समजून एम-सील लावणारे प्लंबर कमी नाहीत.

प्रश्न : पाऊस नसतानाही, गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटलं की तळघरात पाणी येतं. आतून वॉटरप्रूफिंग करून सांधे बंद करावेत का?
(एक वाचक, भडगाव)

उत्तर : नुसते सांधे बंद केले तर पाणी दुसरीकडून फुटेल. फरशीखाली १ फूट पाणी चढलं की दर चौरस फुटाला सुमारे २८ किलोचा दाब वर येतो. ३०० चौरस फुटांच्या तळघराला तो साडेआठ टनांच्या घरात जातो. तीन-चार इंचांचा कोबा तो सोसत नाही. भिंतीलगत आतून चर काढून ३ इंची भोकांचा पाइप खडीत घाला, भोकं खाली, दर १० फुटांना १ इंच उतार, आणि तो वर सांगितलेल्या खड्ड्यात सोडा. दाब उतरला की मग भिंतीचं वॉटरप्रूफिंग टिकेल.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की लाइट जाते. मग पंपाचा उपयोग काय?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : इन्व्हर्टरवर घ्या. अर्ध्या एचपीची मोटर चालताना साधारण ६०० वॉट खाते, पण सुरू होताना काही पटींनी जास्त ओढते. म्हणून दीड केव्हीएचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा. चौकोनी वेव्हवर मोटर तापते. १५० एएचच्या एका बॅटरीवर तासाला पंधरा मिनिटं चालणारा पंप सहाएक तास निघतो. पंपाला वेगळा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) द्या, अर्थिंग तपासून घ्या. प्लग फरशीपासून ४ फूट वर, शक्यतो वरच्या मजल्यावर. खड्ड्यात केबलला जोड नको. तळघरात पाणी साचलेलं असेल तर वरून एमसीबी पाडल्याशिवाय कुणालाही आत उतरू देऊ नका.

प्रश्न : उपसलेलं पाणी अंगणातल्या शोषखड्ड्यात सोडलं तर वाया जाणार नाही ना?
(एक वाचक, शहादा)

उत्तर : शोषखड्डा भिंतीपासून पाच-सहा फुटांवर असेल तर तेच पाणी फिरून तळघरात येतं आणि तुम्ही त्याला विजेचं बिल भरत बसता. काळी माती ओली झाली की फुगते, पाणी आत घेतच नाही. निदान १० फूट लांब, उताराकडे सोडा. गटारीत सोडणार असाल तर पाइपाचं तोंड गटारीच्या भरल्या पातळीच्या वर ठेवा, त्याला उंदरांसाठी जाळी लावा. सेप्टिक टँकमध्ये कधीच नाही. भिंतीलगत उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा मृगाच्या आधी बुजवून बाहेर उतार असलेला तीन फुटांचा कोबा करा. पहिल्या सरीचं पाणी त्याच भेगांतून सरळ खाली उतरतं.

पंप आधीच बसवला असेल तर आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खड्ड्यातला गाळ काढा आणि फ्लोट उचलेपर्यंत बादल्यांनी पाणी ओता. वर्षभर बंद राहिलेल्या पंपाचा इंपेलर बहुतेक वेळा सुकलेल्या गाळात चिकटलेला सापडतो.