सुपरनोव्हा शोधायचाय? आधी जुने फोटो जपायला शिक

अरे तू विचारलंस ना की छोट्या टेलिस्कोपवर सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन फुटलेला तारा, मिळतो का, तर मिळतो, पण तो ज्या दीर्घिकेत (ताऱ्यांच्या प्रचंड समूहात) दिसणार, ती आधी नेहमी कशी दिसते हे डोळ्यात बसलं पाहिजे, नाहीतर नवा ठिपका समोर असून कळत नाही. एम १०१ या दीर्घिकेपासून सुरुवात कर. सप्तर्षीच्या शेपटीतले वसिष्ठ आणि मरीची घे, त्यांच्यासोबत साधारण समभुज त्रिकोण होईल अशा जागी, शेपटीच्या वरच्या बाजूला ती आहे. फिकी असते, शहरातून नुसता डोळा लावून दिसायची आशा ठेवू नको, कॅमेरा लाव.

१९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकींनी तिच्याच एका भुजेत एसएन २०२३आयएक्सएफ नावाचा सुपरनोव्हा पकडला. तेव्हा तेजाची प्रत १४.९ होती (आकडा जितका कमी तितकं तेज जास्त), काही दिवसांत ती ११ च्या आसपास गेली! २ कोटी प्रकाशवर्षांवर एक तांबडा महाराक्षसी तारा, गाभा कोसळून फुटलेला. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की आदल्या दिवशी हौशी लोकांनी सहज काढलेल्या फोटोंमुळे स्फोटाची वेळ काही तासांच्या अंतरात पकडता आली. म्हणून फ्रेम्स डिलीट करू नको, कितीही बोअर वाटल्या तरी, आणि घड्याळ नीट लावलेलं असू दे.

ठिपका दिसला तर लगेच ओरडायचं नाही. टेलिस्कोप जरा हलवून परत फोटो काढ, हॉट पिक्सेल (सेन्सरवरचा उगाच चमकणारा बिघडलेला बिंदू) असेल तर सेन्सरवर तिथेच राहील, लघुग्रह असेल तर तासाभरात सरकेल. मग ट्रान्झिएंट नेम सर्व्हरवर, म्हणजे असे नवे ठिपके नोंदवायच्या वेबसाइटवर, बघ कुणी आधीच नोंदवलाय का.